खाडीला दिलेलं उष्टं

गंधालीला किळस फार. सख्ख्या बहिणीने तोंड लावलेल्या पेल्यातून ती कधी पाणी प्यायली नाही. लग्नात घास भरवताना हर्षदने अर्धी खाऊन पुढे केलेली जिलबी तिने हसत तोंडात घेतली आणि फोटोग्राफरची पाठ वळताच रुमालात काढून टाकली. सतरा वर्षं झाली तरी हर्षद हे पाहुण्यांना चवीने सांगायचा. मूलबाळ का नाही असं कोणी खोदून विचारलं, तर ती स्वतःच सांगायची की शेंबूड, लाळ आणि बरबटलेले हात आपल्याच्याने नाही व्हायचे. लोक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

अशा बाईने खरं तर बोटीवर राहायला जाऊच नये. पण हर्षदने हौसेने शिडाची एक जुनी बोट घेतली, तिचं नाव 'निवांत' ठेवलं, आणि हिवाळ्याचे दोन महिने वर्सोव्याच्या खाडीत, मढच्या बाजूच्या एका खासगी धक्क्याला ती बांधून तिच्यावरच राहायचं ठरवलं. सवय झाली की फेब्रुवारीत किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला जायचं. मुलुंडच्या फ्लॅटला कुलूप लागलं. दोघांची कामं लॅपटॉपवरची, त्यामुळे तीही अडली नाहीत.

सकाळी धक्क्यावरून पाण्याचे कॅन आणायचे, दोन शेगड्यांवर स्वयंपाक करायचा, संडासचा पंप हाताने चाळीस वेळा मारायचा आणि दुपारी आपापल्या मीटिंगा. यंदा थंडीने मुंबईत तोंडच दाखवलं नव्हतं. जानेवारीतही बाराच्या सुमाराला खालची केबिन भट्टीसारखी तापायची, आणि कचऱ्याच्या पिशवीतलं खरकटं संध्याकाळपर्यंत आंबून फसफसायचं. गंधालीला तो वास सहन होईना. मग तिने सोपा उपाय काढला. रोज दुपारी दोनला, जेवणं झाली की दोन्ही ताटांतलं उरलंसुरलं बोटीच्या मागच्या कडेवरून खाली खाडीत. भरती असली तर पाण्यात, ओहोटी असली तर चिखलात. महिनाभर हा नेम चालला.

मग एका ओहोटीला तिचं खाली लक्ष गेलं. तासाभरापूर्वी टाकलेला आमटीभात चिखलावरून नाहीसा झाला होता. कावळ्यांनी किंवा खेकड्यांनी खाल्ला असता तर चार शितं तरी इकडेतिकडे दिसली असती. इथे ताटाएवढा चिखल चाटूनपुसून गुळगुळीत केला होता, आणि त्यावर जिभेचे ओले, रुंद फराटे होते.  त्या रात्री ती जेवली नाही.

दोन दिवसांनी बंद डब्यातल्या भाकरीला कोणीतरी चावा घेतलेला दिसला. तिने हर्षदला झापलं. त्याने शपथ घेतली आणि उंदीर असेल म्हणाला. पण उंदीर कडा कुरतडतो. हा चावा अर्धगोल होता. लहान लहान दात नीट ओळीने उमटले होते, आणि कडेला खाडीचा काळा चिखल लागला होता. तिने भाकरी डब्यासकट फेकली. फेकली अर्थात खाडीतच.

ते धक्क्यावरून वनमालाने पाहिलं. वनमाला तिथली कोळीण, शेजारच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळत घालायची. एरवी ती बोटवाल्यांशी फारसं बोलत नसे.

"ताय, उष्टा टाकतंस का पान्यान?"

गंधालीने मान डोलावली.

"आमी पन टाकताव. पन पयला घास, चांगला. उष्टा नाय. उष्टा कोनाला देतान? घरच्यालाच ना? मंग ज्यानं खाल्ला तो घरचाच झाला."

गंधालीने कसनुसं हसून विचारलं की आता काय करायचं.  वनमालाने हातातले बोंबील उलटे केले, मग हळू आवाजात विचारलं, "किळस येतंय ना तुला त्याची?"

"खूप."

"मंग बरा हाय. येव दे. किळस यायची थांबली तं मात्र..."

वनमाला पाटी उचलून चालू लागली.

त्या दिवसापासून गंधालीने खरकटं दुहेरी पिशवीत बांधून वर्सोव्यात नेऊन टाकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दुपारी दोनला बोटीच्या तळाला खालून हळूच थाप पडली. ओल्या, लहान तळव्याची. मग पुन्हा. हर्षद कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. ती केबिनमध्ये पाय पोटाशी घेऊन बसली आणि थापा सरकत सरकत मागच्या पायरीपाशी येऊन थांबल्या. वर आला तो वास शेवाळाचा, सडक्या कोळंबीचा, आणि त्यात मिसळलेला आंबट दुधाचा. बाळाने ओकलेल्या दुधाला येतो तसा.

तासाभराने हर्षद वर गेला आणि त्याने तिला हाक मारली. मागच्या पायरीवर एक निवटी पडली होती, चिखलात उड्या मारणारी ती बोटभर मासळी. अर्धी खाल्लेली. उरलेली अर्धी चावून चोथा करून शेजारी नीट ठेवली होती, आणि त्या चोथ्यातून लाळेची तार पायरीवरून खाली लोंबत होती. हर्षद म्हणाला, मांजराचं काम असणार. गंधाली मात्र समजली. तिने रोज दिलं होतं, आता तिला दिलं जात होतं. ती कठड्याला धरून पोट रिकामं होईपर्यंत ओकली.

मग रोज दोनला पायरीवर काहीतरी असायचं. चघळलेली कालवं, चोखून पांढरा पडलेला खेकड्याचा पाय. ती ते काठीने ढकलायची आणि फिनेल ओतायची. शेवटी एका दुपारी अर्धा कप चहा पिऊन ती फोन घ्यायला आत गेली, परत येऊन कप उचलून तिने मोठा घोट घेतला, आणि घोट गिळल्यावर तिच्या ओठाला काहीतरी चिकटलं. कपाच्या कडेपासून ओठापर्यंत एक बुळबुळीत तार लांबत गेली. चहात चिखलाची कणी होती.

"हर्षद, आपण घरी जायचं. आज. आत्ता."

"अगं, पण मालवण..."

"मला मालवण नको. मला घरी ने."

हर्षद हिरमुसला, पण तिचे खोल गेलेले डोळे पाहून त्याने वाद घातला नाही. संध्याकाळी ते मुलुंडला पोचले.

सहावा मजला. आसपास ना खाडी ना चिखल. गंधालीने घरातलं एकूण एक भांडं उकळत्या पाण्यातून काढलं. आणि रोज सकाळी ती एक गोष्ट न चुकता करायची, हर्षदला न सांगता. त्याचा चहाचा न विसळलेला कप उचलून ओठांजवळ न्यायची. घशाशी उमासा आला की तिला इतकं बरं वाटायचं की डोळ्यांत पाणी यायचं. किळस शाबूत होती, म्हणजे ती शाबूत होती. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी रविवार होता. दोघं जेवायला बसली, हर्षद समोर, टीव्हीवर मॅच लागलेली. इस्त्रीवाल्याने बेल वाजवली म्हणून ती उठली, कपडे मोजून घेतले आणि परत येऊन पानावर बसली. भाजीशी पोळीचा तुकडा मोडून तिने तोंडात टाकला. दाताखाली काहीतरी कडक आलं.

तिने ते बोटांत घेतलं. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरा, मुळाशी लालसर. दुधाचा दात होता तो. ताटातल्या पोळीला अर्धगोल चावा होता, आणि चाव्याच्या मधोमध एका दाताची फट. वरणाच्या वाटीत लाळेचा फेस तरंगत होता, वाटीच्या काठावर काळी, चिखलाची बोटं उमटली होती.

हर्षदने ते पाहिलं. तोंडावर हात दाबून तो बेसिनकडे धावला.

गंधाली वाट पाहत राहिली. आता घशाशी येईल, आता येईल. आतून तिने स्वतःला अक्षरशः ढोसलं. काही आलं नाही. फक्त पोळी अर्धीच खाल्ली, पोट भरलं नसेल, एवढंच मनात आलं. मग हात आपोआप पुढे गेला. चाव्याच्या कडेपासून तिने पोळी मोडली, त्या वाटीतल्या वरणात बुडवली, आणि शेवटच्या घासापर्यंत शांतपणे संपवली.

"गंधाली..." हर्षद बेसिनपाशी वाकलेलाच होता. "काय करतेस तू... थुंक ते..."

"असं काय करतोस रे," ती म्हणाली. "टाकून कसं द्यायचं?"

दात तिने धुऊन तुळशीच्या कुंडीत पुरला, तिच्या आईने तिचे पुरले होते तसा. हर्षद त्याच संध्याकाळी अंधेरीला भावाकडे निघून गेला. रोज फोन करतो, पण जेवायला ये म्हटलं की येत नाही.

गंधाली आता दुपारी दोनला दोन ताटं वाढते. दुसऱ्या ताटासमोरची फरशी ओली असते, ती पुसून घेते. त्याला काही ती नाक मुरडत नाही. गेल्या गुरुवारी तिला पोळीवरचा चावा वेगळा दिसला. मधली फट भरली होती. तिथे नवा दात आला होता, रुंद, शेजारच्यांहून बराच लांब, आणि चावा आता तिच्या स्वतःच्या तोंडाएवढा होता.

तिने उरलेली पोळी खाल्ली, आणि उद्यापासून चार जास्त लाटायला हव्यात असं ठरवलं.