मायनस अठ्ठावीसमधला सडा

ही गोष्ट खरी आहे. मला रचता आली असती तर शेवट तरी बरा केला असता.

मंगळवार, १३ जानेवारी २०२६. भोगीचा दिवस. संध्याकाळचे सात वाजले होते. मी आणि माझे शेजारी रघुनाथराव जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन घरी परतत होतो. मोटरसायकल ते चालवत होते. सौंसर ओलांडून आम्ही बोरगावच्या रस्त्याला लागलो, तेवढ्यात माझा फोन वाजला.

कॅनडाहून माझा मुलगा योगेश बोलत होता.

"बाबा, आई पडली. दारातच. डोक्याले मार लागला. आमी हॉस्पिटलात आहो."

"बोलते का?"

"नाही."

तिकडे तेव्हा सकाळ होती.

आम्ही घरी पोचलो. रघुनाथराव हलले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. आठ वाजता दुसरा फोन आला.

"बाबा... आई गेली."

माझ्या बायकोचं नाव पंचफुला. चौतीस वर्षं संसार केला. सून तेजस्विनी पांढुर्ण्याची, तिला दिवस गेले होते. मार्चची तारीख दिली होती. तिच्या बाळंतपणासाठी पंचफुला नोव्हेंबरात विनिपेगला गेली. माझाही व्हिसा झाला होता, पण झाडावर संत्री होती म्हणून मी मागे राहिलो.

संत्री सोडून पाचव्या दिवशी मी तिथं पोचलो. तिला काचेपलीकडून पाहिलं. बटण दाबून अग्नी दिला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गाडीतून घरी येताना योगेश म्हणाला, "बाबा, मी तिले पहिल्याच हप्त्यात सांगतलं होतं. इथं दारात पाणी टाकू नको, त्याची काच होते. तिनं ऐकलं बी होतं. दोन महिने सडा नाही टाकला तिनं. मग त्याच दिवशी काहून टाकला असन?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"तिचा पाण्याचा गडवा बी नाही सापडला," तो म्हणाला. "पितळीचा, घरून आणला होता तो. पडल्यावर बर्फात कुठं गेला, काही समजलं नाही."

दोघांनी मला थांबवून घेतलं. तेजस्विनी म्हणाली, "बाबा, निदान बाळ होईपर्यंत राहा. घर खायला उठते." मीही एकट्या घरी जाऊन काय करणार होतो?

इथली थंडी सांगून समजणार नाही. आपल्याकडे डिसेंबरात बागेला पाणी द्यायला गेलो की शेकोटी करतो, हात चोळतो, झालं. इथं नाकातले केस गोठतात. ऊन पडतं, पण ते अंगाला लागत नाही. गाडीलासुद्धा रात्रभर विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर ती सकाळी सुरू होत नाही. बाहेर जायचं म्हणजे अंगावर पाच कपडे चढवायचे आणि आत आलं की पाच उतरवायचे. त्यातच माणूस थकून जातो.

चालायला तेजस्विनीनं शिकवलं.

"बाबा, पाय उचलू नका. बदकासारखं चाला, पूर्ण पाऊल टेकवून."

"या वयात बदक करतं का मले?"

"मी नाही का झाली बदक," पोटावर हात ठेवून ती म्हणाली. पंचफुला गेल्यानंतर त्या घरात तेव्हा पहिल्यांदा कोणी हसलं.

रघुनाथरावांचा व्हिडिओ कॉल यायचा. "काय बाप्पा, फ्रिजमंदी राहून राहिला का? चेहरा कसा वांग्यावानी झाला." मग ते बाग दाखवायचे. मी पाहायचो आणि फोन ठेवून द्यायचो.

सकाळी दारातला बर्फ काढायचं काम मी घेतलं. योगेशला ऑफिस होतं. समोरच्या दाराला चार पायऱ्या. पुढे गाडीपर्यंत फरशी. मागचं दार बर्फात अर्धं बुजलेलं, म्हणून सगळ्यांचं जाणं-येणं पुढूनच. तेजस्विनी आठव्या महिन्यात होती. दर आठवड्याला तिला तपासणीला न्यावं लागायचं. या पायऱ्या साफ असणं, एवढंच माझं काम होतं.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळचे साडेसहा. बाहेर अजून काळोख होता. मी फावडं घेऊन दार उघडलं.

आदल्या दिवशी मी पायऱ्या कोरड्या करून झोपलो होतो. बर्फ पडला नव्हता.

पण पायऱ्या चमकत होत्या.

मी दिवा लावला. खाली वाकून पाहिलं.

थेंब होते...

मोठे, लहान, एकावर एक पडलेले. सगळे गोठलेले. वरच्या पायरीपासून गाडीपर्यंत सारखे पसरलेले. हातानं पाणी शिंपडल्यावर जसे पडतात तसे.

मी योगेशला उठवलं.

"छतावरून गळलं असन, बाबा."

"मायनस अठ्ठावीस हाय म्हणते तुझा फोन. गळन काय?"

तो आत जाऊन वाळूची पिशवी घेऊन आला. एवढ्या थंडीत मीठही काम करत नाही, वाळूच टाकावी लागते.

मी ते फोडून काढलं. पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी परत तेच. वाळूच्या वर.

तिसऱ्या दिवशी परत.

चौथ्या दिवशी मी जरा नीट पाहिलं. दाराजवळ, कठड्याला लागून, एक जागा कोरडी होती. दोन पावलं मावतील एवढीच. बाकी सगळीकडे थेंब. आणि त्या जागेपासून सगळे थेंब एका बाजूला झुकून गेलेले.

उजव्या हातानं सडा टाकला तर तो तसा पडत नाही.

पंचफुला डावखुरी होती.

मी तिथंच पायरीवर बसलो. थंडी वाजली नाही. किती वेळ बसलो माहीत नाही. तेजस्विनीनं आतून काच वाजवली तेव्हा उठलो.

त्यांच्या दाराच्या घंटीत कॅमेरा आहे. रविवारी मी योगेशला म्हटलं, सकाळचं दाखव. तो आधी टाळत होता. मग टेबलावर मोबाइल ठेवून त्यानं सुरू केलं.

सहा वाजून दहा मिनिटं. रिकाम्या पायऱ्या. पिवळा दिवा.

कोणी नाही.

मग आवाज आला...

छप्प.

थोडा वेळ काही नाही.

छप्प.

आणि माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर पांढरी वाफ उठली. एवढ्या थंडीत कोमट पाणी फेकलं की उठते तशी. एकदा दाराजवळ. मग जरा पुढे. मग आणखी पुढे, गाडीकडे. शेवटी धातू कशाला तरी लागल्याचा बारीक आवाज झाला. टण्.

"घर तापवायच्या फर्नेसची वाफ असन," योगेश म्हणाला.

"फर्नेसचा पाइप तर मागं हाय."

त्यानं मोबाइल उलटा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेजूले काही सांगू नका, बाबा."

मी सांगितलं नाही. पण मी त्यालाही एक गोष्ट सांगितली नव्हती.

भोगीच्या दिवशी पहाटे, म्हणजे तिकडच्या सोमवारच्या संध्याकाळी, पंचफुलेचा मला फोन आला होता. रोजच यायचा. तीळ भाजून ठेवल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "उद्या भोगी, अन् दारात सडा नाही पडत. मन लागून नाही राहिलं. पोरगा रागावते."

माझी झोप पुरी झाली नव्हती. पंपाची लाइन गेली होती. मी चिडलेलो होतो.

मी म्हणालो, "दोन महिन्यात मोठी मॅडम झाली काय वं? पोटुशी सून घरात हाय अन् सणाच्या दिवशी दार कोरडं ठेवतं? पोरगा काय उठून पाहते का? दोन ओंजळ पाणी टाकलं तर काय मरतं का कोणी?"

ती म्हणाली, "बरं. टाकतो."

एवढंच बोलणं. ते शेवटचं.

चौतीस वर्षांत मी सांगितलेलं तिनं टाळल्याचं मला आठवत नाही.

त्या रविवारपासून मी पाचला उठायला लागलो. सव्वासहापर्यंत वाट पाहायची, मग बाहेर जाऊन फोडायचं, वाळू टाकायची. सातपर्यंत रस्ता मोकळा. बोटांना भेगा पडल्या. कंबर धरली. तेजस्विनी म्हणायची, "बाबा, रोज एवढं काय खरडता? बर्फ तर पडून नाही राहिला." मी म्हणायचो, व्यायाम होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. आदल्या रात्री मला ताप होता. गोळी घेतली होती.

डोळा उघडला तेव्हा खिडकीत उजेड होता.

खाली दार उघडल्याचा आवाज आला. तिची तपासणी लवकरची होती. योगेश गाडी सुरू करायला आधीच गेला होता, घाईत कठड्यावरून बाजूच्या बर्फात उतरून; पायऱ्या मी फोडल्याच असतील असं त्यानं धरलं होतं.

मी ओरडलो, "तेजू, थांब..."

उशीर झाला होता.

मी खाली पोचलो तेव्हा ती दुसऱ्या पायरीवर बसलेली होती. दोन्ही हातांनी कठडा धरून. चेहरा पांढरा. पाय पुढे सरळ घसरलेले.

"बाबा, मला उठवू नका. एक मिनिट उठवू नका."

हॉस्पिटलात चार तास मशीन लावून ठेवलं. बाळाचे ठोके ऐकू येत होते. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, आई ठीक आहे.

घरी आल्यावर योगेशनं मागचं दार खणून काढलं. "आता इकडूनच जायचं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं दार उघडलं. कोरडं होतं.

मी मागे गेलो...

मागच्या पायऱ्या चमकत होत्या.

तेव्हा मी ठरवलं. हे मीच सुरू केलं, मीच बंद करायचं. फार काही करायचं नव्हतं. तिला "टाकू नको" म्हणायचं होतं. मी म्हटलं की ती थांबेल याची मला खात्री होती.

शनिवारी मी सहा वाजता मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. अंगावर स्वेटर, शाल. दिवा लावला नाही.

सहा दहा झाले.

छप्प.

दाराच्या पलीकडे. एक हात अंतरावर.

छप्प.

मी कडी काढली. दार थोडं उघडलं. थंडी आत आली.

आणि आवाज थांबला...

घरीही असंच व्हायचं. मी सकाळी बागेत जायला निघालो की ती सडा टाकता टाकता थांबायची. माझ्या पायांवर पाणी उडू नये म्हणून. मी निघून गेलो की मग तिचा हात चालायचा. यावर आम्ही कधी काही बोललो नाही. चौतीस वर्षं रोज असंच.

पलीकडे कोणी दिसत नव्हतं. फक्त कठड्याजवळ थोडी वाफ होती. ती हळूहळू वर जात होती.

ती थांबली होती. मी बोलण्याची किंवा निघून जाण्याची वाट पाहत होती.

शब्द तोंडात होते. मी तोंड उघडलंही.

मग मनात आलं, आत्ता म्हटलं की संपलं. उद्या सहा दहाला इथं कोणीच नसेल. परवाही नसेल. गावी नसेल, इथंही नसेल.

आत तेजस्विनी झोपली होती. पोटात माझं नातवंड होतं. हे सगळं मला माहीत होतं.

मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं पलीकडे परत सुरू झालं. छप्प.

मी फावडं घेऊन जिन्यावर बसून राहिलो.

९ मार्चला मुलगी झाली. तीन किलोची. ११ तारखेला घरी आली. त्या दिवशी मी पहाटे फरशी दोनदा फोडली, वर गोणपाट अंथरलं. तेजस्विनी बाळाला छातीशी धरून एकेक पाऊल टेकवत आली. मी तिचा कोपर धरला होता. प्रत्येक पावलाला माझी पकड घट्ट होत होती.

"बाबा, तुमी घाबरून राहिले, मी नाही," ती म्हणाली.

आज २४ मार्च. अजून बर्फ आहे. रात्री अजून गोठतं. लोक म्हणतात एप्रिलच्या शेवटी वितळेल. त्यानंतर पाणी पडलं तरी त्याची काच होणार नाही. मी त्या दिवसाकडे डोळे लावून आहे. पण पुढच्या नोव्हेंबरात परत थंडी येईल, आणि त्याच हिवाळ्यात ही मुलगी चालायला शिकत असेल.

रघुनाथराव रोज विचारतात, "कधी येता?" मी तिकीट दोनदा पुढे ढकललं. मी गेलो तर पहाटे कोण उठेल?

झोप होत नाही. काल सकाळी मला सहा पंचवीसला जाग आली. पंधरा मिनिटं उशीर. कोणी बाहेर गेलं नव्हतं, एवढंच नशीब. हे रोज जमणार नाही, मला कळतं. मी बासष्ट वर्षांचा आहे.

योगेश एकदा जेवताना परत म्हणाला, "आईनं त्या दिवशी काहून टाकलं असन, काही समजत नाही." मी भाकरी मोडत राहिलो.

त्याला ते फोनवरचं बोलणं मी सांगितलेलं नाही.

आणि तिला "टाकू नको" म्हटलेलं नाही.