पावणं, या की

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. शाहूपुरीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे आणि दुकानामागंच घर. गोष्टी रचत बसायला मला सवड नाही. हे आमच्याच घरात घडलं. गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी सुरू झालं.

भर दुपारी.

पण आधी थोडं मागचं सांगते.

माझा नवरा सम्राट वेल्डर आहे. खोल समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर त्याचं काम. राहायला बार्ज. बार्ज म्हणजे समुद्रात नांगर टाकून उभं केलेलं लोखंडी हॉस्टेल समजा. सकाळी बोट कामगारांना प्लॅटफॉर्मवर नेते, संध्याकाळी परत आणून सोडते. जागा कमी, म्हणून एक बंक, म्हणजे पडदा लावलेला झोपायचा कप्पा, दोघांत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर झोपतो.

सम्राटनं आपल्या जोडीदाराचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

पहाटे बंकच्या लाकडी कडेवर आवाज व्हायचा. टक... टक. म्हणजे उठा, आता माझी पाळी. सम्राट पडदा सारेपर्यंत तिथं कुणी नसायचं. संध्याकाळी परत आला की गादी मात्र गरम असायची.

आता आमचा माणूस कोल्हापूरचा, गप्प बसतोय होय! तोंड न बघताच त्यानं त्याला पावणा करून टाकलं. सुट्टीवर निघायच्या पहाटे टकटक झाली, तर हा पडद्याआडूनच म्हणाला, "उठलो बघा पावणं. आता कवातरी कोल्हापूरला या की घरला! तांबडा-पांढरा चारल्याबिगर सोडणार न्हाय."

पलीकडून पहिल्यांदाच आवाज आला...

"येतो."

निघताना सम्राटनं बार्जच्या मॅनेजरकडं जोडीदाराचा नंबर मागितला. मॅनेजर बघतच राहिला. रातपाळी दिवाळीनंतरच बंद झाली होती.

त्या बंकवर सम्राट एकटाच होता.

हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला असता.

सोमवारी सम्राट घरी आला. मंगळवारी दुपारी मी जरा आडवं व्हावं म्हणून दुकानातून आत गेले. सकाळी ताणून घातलेली चादर मधोमध दबली होती. सम्राटच्या बाजूला. मी हात लावला...

गरम.

उशीला डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता. वाटलं, हाच झोपून गेला असेल. फोन लावला.

"अगं, मी सकाळपास्नं हातकणंगल्यात हाय," सम्राट म्हणाला. "दोस्ताकडं."

सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. आत कुणीच आलं नव्हतं.

बुधवारी पहाटे आमच्या पलंगाच्या कडेवर आवाज आला.

टक... टक.

सम्राट ताडकन उठला आणि पलंगावरून बाजूला झाला. डोळे मिटलेलेच होते. इतक्या महिन्यांची सवय. मग भानावर आला आणि मटकन खाली बसला. तेव्हा कुठं त्यानं मला सगळं सांगितलं.

मग रोज टकटक. रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर. नवऱ्याला झोप मिळेना. डोळे खोल गेले, हातातला चहाचा कप थरथरायला लागला. ह्याच हातांनी तो परत जाऊन पाण्यावर लोंबकळत वेल्डिंग करणार होता. मला खरी भीती त्याचीच होती.

"तुम्ही जाऊ नका," मी ओरडले.

"मग काम सोडून घरात बसू व्हय?"

शेवटी सासूबाईच बोलल्या, "जेवायला तूच बोलवलंस न्हवं त्याला? मग वाढा की. उपाशीपोटी कसा जाईल त्यो?"

रविवारी मटण केलं. तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा-लिंबू. भर दुपारी पलंगापाशी पाट मांडला, ताट ठेवलं आणि दार ओढून घेतलं. आम्ही तिघंही बाहेर उभे राहिलो.

बराच वेळ काहीच नाही.

मग पलंग करकरला...

फरशीवर ओल्या पावलांचा आवाज. मग वाटी ताटाला लागल्याचा. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. पुन्हा पावलं वाजली. ती दारापर्यंत आली आणि थांबली.

"येतो..."

आपल्यात निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही. आपणही त्याला 'जा' म्हणत नाही. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण... माझ्या तोंडून निघून गेलं,

"या."

सम्राटनं माझ्याकडं असं बघितलं की ते डोळे मी विसरणार नाही.

दार उघडलंच नाही. शेवटी मीच ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. ताट पुसल्यासारखं लख्ख. गादी थंडगार. त्या रात्री सम्राट लहान मुलासारखा झोपला आणि सकाळी उन्हं वर आल्यावर उठला. मी देवापुढं साखर ठेवली.

सुट्टी संपली. तो बॅग घेऊन निघाला. ह्या वेळी दुसरी बार्ज होती, म्हणून मीही फार अडवलं नाही. दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "येतो गं."

मी म्हणाले, "या."

तिथून त्याचा फोन यायचा. "बंक गार हाय. कोण टकटक करत न्हाय. झ्वाप झकास लागती." महिनाभर मीही निर्धास्त झोपले.

आज दुपारी चादर बदलायला गेले. सम्राटच्या बाजूला चादर दबली होती. हात लावला...

गरम.

लगेच फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला, लागत नाही. तिकडं रेंज जाते, मागंही गेली होती, असं सासूबाई म्हणतात. बार्जच्या ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही. दुकानाचं शटर ओढून मी पलंगासमोर बसून हे लिहितेय.

मघाशी कडेवर टकटक करावी म्हणून हात पुढं नेला होता. मागं घेतला.

दोघंही ह्याच घरातून 'येतो' म्हणून गेले होते. दोघांनाही मी 'या' म्हणाले होते.

कोण आलंय, हे विचारायला माझं तोंड उघडत नाही.