छत्तीस मायक्रॉन

वरच्या खोऱ्यात मुलाचा पहिला दात पडला, की तो दंतशाळेत जमा करावा लागे. धरणांचं पाणी खोऱ्यात जन्मलेल्यांपुरतंच उरलं होतं, आणि जन्म कुठे झाला हे कागदापेक्षा दात खरं सांगतो, हे डॉ. विभावरी सबनीस यांनी सिद्ध केलं होतं. त्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

त्या मंगळवारी सुगंधा भोइटे सहा वर्षांच्या जुईला घेऊन त्यांच्यासमोर बसली होती.

"दाताला काय कळतंय मॅडम, कुठं जन्म झाला ते?"

समजावून सांगायला विभावरीबाईंना आवडे. "पाण्यात खडकाचा अंश उतरतो. त्यातलं स्ट्रॉन्शियम दातात जाऊन बसतं. आपला खडक काळा, पूर्वेकडचा ग्रॅनाइटचा. दोन्हीकडे स्ट्रॉन्शियमच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण वेगळं. यंत्र लेझरने दाताचा कण उडवतं आणि त्याचे अणू चुंबकाच्या वळणावरून पळवतं. वळणावर सायकल चटकन वळते, भरलेला ट्रक बाहेर फेकला जातो, तसे ते वेगळे होतात. मग मोजायचे."

दुधाचा दात पोटात असल्यापासून थरांनी वाढतो. जन्माच्या धक्क्याने त्यात एक बारीक रेघ उमटते. तिला बाईंनी जन्मरेषा म्हटलं होतं. त्यापुढे रोज चारेक मायक्रॉनचा थर चढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाईंच्या पहिल्या यंत्राचा झोत शंभर मायक्रॉन रुंद होता. त्यात पंचवीस दिवस एकाच आकड्यात कालवले जात. आताचा झोत दोन मायक्रॉनचा. एकेक दिवस सुटा दिसे.

पडद्यावर जुईचा आलेख उमटला. जन्मरेषेपर्यंत ग्रॅनाइट. ते अपेक्षितच होतं; सुगंधाचं सासर पूर्वेला. पण रेषेनंतरही छत्तीस मायक्रॉन आलेख तसाच सरळ गेला होता आणि मग एकदम कड्यासारखा खाली, काळ्या खडकाच्या आकड्यावर उतरला होता. इतकी स्वच्छ पायरी बाईंनी कधी पाहिली नव्हती. त्यांना आधी आनंदच झाला.

"मुलगी खोऱ्यात आली ती जन्मानंतर नऊ दिवसांनी," त्या म्हणाल्या.

सुगंधाचा चेहरा उतरला. "खोऱ्याच्या नाक्यावर झाली ती. मी इथलीच हाय, मॅडम. नवरा गेला म्हणून बाळंतपणाला माहेरी आले. नाक्यावर माझा दात काढून घेतला. म्हणले, एका दिवसात रिपोर्ट येतो, मग सोडतो. अकरा दिवस पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. तिसऱ्या दिवशी ही झाली. पानी तिथल्याच, पूर्वेकडच्या बोअरचं."

बाईंनी त्या वर्षीची नोंद उघडली. ते दोन आठवडे यंत्र बंद होतं. दोन मायक्रॉनच्या झोताचं नवं भिंग त्यांनी स्वतः बसवलं होतं आणि ते बसेपर्यंत कुणाला खोलीत येऊ दिलं नव्हतं. बाहेर दोनशे दात थांबले होते. त्यातला एक सुगंधाचा.

जुना रुंद झोत यंत्रात अजून होता. तो लावला, तर नऊ दिवस पुढच्या दिवसांत मिसळून जाणार होते. कुणी विचारलंही नसतं. बाईंचा हात झोत बदलायच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"काय तरी करता येतंय ना, मॅडम?" सुगंधाने हात पाहिला होता.

एक आकडा मुद्दाम पुसट केला, तर एकतीस वर्षांतला प्रत्येक आकडा संशयाचा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिवाय ती पायरी त्यांना मोडवत नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मोजून झालंय." आणि सही केली.

"मग?"

"मुलीला पूर्वेला जावं लागेल. तुमचा दात इथला आहे, तुम्ही राहू शकता."

"सहा वर्सांची पोर? एकटी?"

"तुम्ही सोबत जाऊ शकता. पण गेलं, की परत येता येत नाही."

पडलेल्या दाताच्या जागी जीभ घालत जुईने विचारलं, "माझा दात चांगला निघाला का?"

"फार चांगला," बाई म्हणाल्या.

गुरुवारी मायलेकी नाका ओलांडून गेल्या. पूर्वेला तेव्हा टँकर आठ दिवसांनी येई. पुढे टँकरच्या यादीत त्यांची नावंही राहिली नाहीत.

वर्षभराने परिषदेत बाईंनी तो आलेख दाखवला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एका तरुण संशोधकाने हात वर केला.

"हे मधले नऊ दिवस कशामुळे, मॅडम?"

"ते," विभावरीबाई म्हणाल्या, "या पद्धतीने सांगता येत नाही."