शेजारच्या मागावरचा मडिवाळप्पा

रातपाळी संपवून चनबसप्पा घरी न जाता तडक डॉक्टरांकडे गेला, तो काही हौसेनं नव्हे. वर्षभर त्याच्या उजव्या कानात रातकिडा ओरडत होता. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात तो दबून जाई, पण घरी उशीला डोकं टेकलं की त्याला चेव येई. जागरणानं माणूस किती खंगतो, ते चनबसप्पाकडे बघून कळावं. बरं होण्याची आशा त्यानं सोडली होती. त्याला नुसतं झोपायचं होतं.

डॉक्टरांनी गालावर बोटं दाबून त्याला तोंड उघडमीट करायला लावलं. आवाज बारीक झाला, पुन्हा चढला.

"मागांनी कान दमलेत, ते आहेच," डॉक्टर म्हणाले. "पण मान वाकवून, दात आवळून काम करता ना? मानेचे, जबड्याचे स्नायू आखडलेत. त्यांचाही हात असेल. खात्री देत नाही. भिंतीला पाठ लावून ताठ बसा, आरशात बघत जबडा सैल सोडा."

शुक्रवार पेठेतल्या खोलीत दुपारी तो तसा बसला, आणि बायको निंगव्वाचा चेहरा उतरला.

"असं नका बसू... मडिवाळप्पांना असंच बसवलं होतं की."

मडिवाळप्पा त्याच्या शेजारच्या मागावरचा विणकर, थंडीत वारला. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीशी ताठ बसवतात आणि बसवूनच माती देतात.

"डॉक्टर म्हणालेत गं. झोप लागंल, लई दमलोय," चनबसप्पा म्हणाला. ती घागर घेऊन नळावर गेली.

त्यानं हातातला छोटा आरसा तोंडासमोर धरला. जबडा हळूहळू सुटत गेला. रातकिडा लांब गेला, आणखी लांब... आणि थांबला. चनबसप्पाला रडूच फुटलं.

मग त्याच्या ध्यानात आलं, की नळावरची भांडणंही ऐकू येत नाहीत. खोलीत मिलमधल्या ओल्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास दाटला होता.

आरशातले ओठ हलत होते. तो तर बोलत नव्हता.

मागांच्या खात्यात कान निकामी, म्हणून विणकर आवाज न काढता ओठांनीच बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. चनबसप्पानं हेही ओठ वाचले.

येऊ का तिकडं?

चहाच्या सुट्टीआधी मडिवाळप्पा आपल्या मागावरून रोज हेच विचारायचा. इतक्या वर्षांची सवय, ती थोडीच विचार करायला थांबते? चनबसप्पाचे ओठ उत्तर देऊन मोकळे झाले.

ये की...

दुसऱ्याच क्षणी त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याला दात आवळायचे होते, मान वाकवायची होती, तो नकोसा रातकिडा परत हवा होता. पण जबडा मिटेना. मान तसूभरही हलेना. आरसा मांडीवर घसरला.

दारात निंगव्वा आली. तिच्या कमरेवरची घागर निसटून फरशीवर आदळली, पाणी खोलीभर पसरलं, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. ती ओरडत होती. चनबसप्पा तिचे ओठ वाचत राहिला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"अहो... तुमच्या शेजारी कोण बसलंय?"