चार बोटांची कट्यार

"मशीन सुरू झालं की संपलंच सगळं! दादा, तू पॉलिशवाल्याला बोलण्यात गुंतव, मी साहेबांना आणते," असं म्हणून चिमणी जिन्यावरून धूम पळाली.

सुट्टीत दोघं मावशीकडे आले होते. मावशी संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करायची. एक छोटी कट्यार खरोखर वापरातली होती, असं तिने लिहून दिलं होतं. संग्रहालयाच्या प्रमुख साहेबांना काही ते पटेना. कट्यार धरायची ती मुठीतल्या आडव्या दांडीला, आणि तिथे कुणाचीच चार बोटं मावत नव्हती. म्हणजे शोभेचीच, घासून चकचकीत करा, असं सांगून ते मोकळे झाले. मावशी वाद घालणाऱ्यांतली नव्हे. पण सकाळपासून तिचा चहा तसाच गार झाला होता. चिमणीला ते बघवेना. तिने भिंग घेऊन मूठ न्याहाळली, आणि एकदम ताठ झाली.

दादाने कामगिरी चोख बजावली. मशीनबद्दल त्याने इतके प्रश्न विचारले, की पॉलिशवाला खूश होऊन ते उघडूनच दाखवायला लागला. तेवढ्यात चिमणी साहेबांना जवळजवळ ओढतच घेऊन आली.

"हे बघा साहेब, दांडीवरचा सोन्याचा मुलामा चार ठिकाणी उडालाय. मोठ्यांची इथे तीनच बोटं मावतात. मग या चार बोटांच्या खुणा कुणाच्या?"

साहेब वाकून खुणा मोजू लागले. मावशीने चिमणीच्या हातात पातळ हातमोजा चढवला आणि कट्यारीचं पातं स्वतः कापडात धरलं. चिमणीने मूठ आवळली. चार खुणांवर चार बोटं नेमकी बसली.

साहेबांनी भिंग मागून घेतलं. पुन्हा पुन्हा धार लावल्यामुळे पातं झिजलं होतं. मावशीच्या कागदावर तेही लिहिलेलं होतं.

"मी तुमचा कागद पुरता वाचलाच नाही, बाई. चुकलं माझं," ते म्हणाले. मशीन परत पाठवलं, दादाची पाठ थोपटली आणि कट्यारीखालची पाटी चिमणीच लिहील, असं जाहीर करून टाकलं.

चिमणीला हसू आलं नाही. ती अजून आपल्या मुठीकडेच बघत होती.

"मावशी, माझ्याएवढ्या पोरावर ही चालवायची वेळ का आली असेल गं?"

मावशीने हळूच हातमोजा काढला आणि चिमणीचा हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला.