एडिथबाईची सही

दगडू साळवी मूळचा मंडणगडचा. शारजाच्या औद्योगिक भागात वीस वर्षं चित्रांना फ्रेमा करतोय. हात असा सरळ की पट्टीने लाजावं, आणि तोंड कायम कारलं चघळल्यासारखं. म्हणून सगळे त्याची टर उडवतात, मीही उडवतो. पण ही गोष्ट निघाली की माझीही बत्तिशी आपोआप मिटते. बसा जवळ.

भरदुपारी गॅलरीवाल्या सुमेधा मॅडम चित्र घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. दीडशे वर्षांपूर्वीचे जलरंग. ओढा, धुकं, चार मेंढरं. काढणारी एडिथ नावाची इंग्रज बाई.

"दगडूकाका, हिचा नवरा कागदावरची हिची सही कापायचा आणि चित्रं स्वतःच्या नावाने खपवायचा. तीस वर्षं! सहीसकट उरलेलं हे एकच. सांभाळा हं, प्लीज."

"सांभाळतो, ताई."

त्या गेल्या. दुकानाचे मॅनेजर परेश साहेब आले. डोंबिवलीचा माणूस, आईच्या पोटातूनही घाईनेच आला असणार. तयार फ्रेम अर्धा इंच तोकडी निघाली.

"कागदाची खालची पट्टी काप. खलास."

"साहेब, सही जाईल..."

"दगडूशेट, मेलेली बाई काय कम्प्लेन्ट टाकणारे? आण ते ब्लेड!"

परेशने लोखंडी पट्टी डाव्या हाताने दाबली, उजव्यात ब्लेड घेतलं. एसीची घरघर एकदम थांबली. ओल्या रंगाचा वास सुटला, कुणी आत्ताच ब्रश बुडवल्यासारखा. कागदावरचा ओढा चमकत होता.

"साहेब, कागद ओला झालाय... हात काढा."

"गप रे."

ब्लेड सहीपाशी आलं. थांबलं. मग वळलं. परेश उजवा हात मागे खेचत होता, दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या, तरी ब्लेड त्याच्याच डाव्या बोटांवर आडवं बसलं. आणि पुढेमागे, पुढेमागे, घाई न करता चालू लागलं. हाड करकरलं. परेश गुरासारखा ओरडला. दगडूने त्याचं मनगट धरलं, तर दगडूच भिंतीवर आपटला.

"सोड, बाई... सोड त्याला..."

दोन बोटं गेली तेव्हाच ब्लेड पडलं. टेबल, भिंत, दगडूचा शर्ट, सगळं लाल. चित्रावर थेंब नाही.

ड्रायव्हरने परेशला हॉस्पिटलात पोचवलं. तिथून फोन आला: बोटं बर्फात घालून ताबडतोब आणा, जोडता येतील. दगडू टेबलाखाली रांगला. भुशात, पुठ्ठ्याच्या कातरणात चाचपत, डोळे गच्च मिटून, हाताला लागलं ते पिशवीत घातलं. शेजारच्या कॅफेटेरियातून बर्फ घेतला आणि टॅक्सीत बसला.

लायबा नावाच्या नर्सने पिशवी उघडली. तिच्या कपाळाला आठी पडली.

दोन बोटं परेशची. तिसरं जाडजूड, गोरं, सोनेरी लव असलेलं, मांसात रुतलेल्या लग्नाच्या अंगठीचं. त्यातून रक्त ठिबकत होतं.

"भाई, ये भी अभी-अभी कटा है," ती म्हणाली. "ये आदमी किधर है? यल्ला, जल्दी लाओ... टाइम है, जुड़ जाएगा."