एकशे तेहेतिसातली पट्टी

बायकोला वाचायला एक पुस्तक घरी न्यायचं, एवढंच काम होतं. कमळाकर अंबरनाथच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, तेव्हा कोणाला विचारायचाही प्रश्न नव्हता. पण त्या संध्याकाळी तो इतका शिणला होता, की खुर्चीतून उठून कपाटापर्यंत जाणंही त्याच्या जिवावर आलं होतं.

रात्रभर अंजनीचा खोकला आणि दिवसभर पुस्तकांची धूळ, असं त्याचं वर्ष चाललं होतं. अंजनीच्या छातीचा आजार हटत नव्हता. डॉक्टर म्हणत, हवा पालटा. जशी काही हवा बाजारात शेराच्या मापाने मिळते! ती गेली तर आपण कोणासाठी घरी जायचं, हा विचार मनात आला की कमळाकर स्वतःला पुन्हा कामाला जुंपून घेई.

कामाला तोटा नव्हताच. वाचनालयात नवी वर्गवारी चालू होती. पूर्वी पुस्तकं आली तशी फळीवर चढत. आता साहेबाच्या पद्धतीने प्रत्येक विषयाला आकडा आणि आकड्याप्रमाणे जागा. तत्त्वज्ञानाला शंभराचं घर दिलेलं. त्यात नीती आली, तर्क आला. एकशे एकोणतीस म्हणजे मेल्यावर जिवाची गती काय होते ते, आणि थोडं पुढे एकशे तेहेतीस म्हणजे भुतंखेतं, करणी, चेटूक. भुतांना तत्त्वज्ञान्यांच्या पंगतीला बसवणाऱ्या साहेबाचं कमळाकरला पहिल्यांदा हसू आलं होतं.

तो एकशे तेहेतिसाचा खण अलीकडेच भरला होता. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधले होतचंद मास्तर थंडीत वारले. सिंधमधून निघताना म्हणे त्यांनी भांडीकुंडी सोडली आणि पुस्तकं आणली. मुलगा वाटेत गमावल्यापासून त्यांना मेलेल्यांशी बोलायचा नाद लागला होता. त्यांच्या बायकोने ती सगळी पुस्तकं हिरामण हातगाडीवाल्याबरोबर वाचनालयाला पाठवून दिली. कमळाकरने मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं.

"मेल्यावर माणूस कुठं जातो, त्याचं पुस्तक असतं का हो तुमच्याकडे?" अंजनीने सकाळी विचारलं होतं.

"असलं काय वाचायचं?"

"मग काय, लोणच्याचं वाचू?" ती हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला.

म्हणून त्याने एकशे एकोणतिसातलं पुस्तक काढलं. पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी एक लाकडी पट्टी उभी करायची आणि तिच्यावर नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी डकवायची, असा वाचनालयाचा शिरस्ता होता. पट्टी दिसली की समजायचं, इथलं पुस्तक परत यायचं आहे. कमळाकरने चिठ्ठीवर 'अंजनी' लिहिलं, पट्टी उभी केली आणि कंदील बारीक करून खुर्चीत टेकला. डोळा लागला असावा.

जाग आली ती वासाने. ओल्या राखेचा वास.

कपाटापाशी एक म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"साईं, किताब तो उधर की गई," तो हळूच म्हणाला. "पट्टी इधर क्यों?"

कमळाकरने डोळे चोळले. खरंच, शिणाच्या भरात त्याने पट्टी एकशे तेहेतिसात उभी केली होती.

"उद्या लावतो जागेवर."

"कल नहीं, साईं... ये हमारी कतार है. इसमें नाम रखोगे, तो हम गिन लेंगे..."

"तुम्हीच ठेवा ना तिकडे."

"मेरा हाथ नहीं पहुँचता..."

मास्तरांचा कोणी भाऊबंद असेल, डोक्यावर परिणाम झालेला. कॅम्पात अशी माणसं कमी का होती! कमळाकरला त्याची कीव आली, पण उठवेना. "उद्या, नक्की," असं म्हणून त्याने पुन्हा डोळे मिटले. उघडले तेव्हा खोली रिकामी होती. त्याने कुलूप लावलं आणि पुस्तक बगलेत मारून घरची वाट धरली. अंजनीला चार पानं वाचून दाखवली. ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी कामाच्या रगाड्यात पट्टी जागेवर लावायची राहूनच गेली. उन्हं कलताना हिरामण पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा घेऊन आला.

"मास्तरांचा भाऊ आला होता काल," कमळाकर म्हणाला. "दोरा बांधलेला चष्मा घालतो, तो."

हिरामणने गठ्ठा तसाच खाली सोडला. "त्यांना भाऊ कुठचा, दादा? आन् त्यो चष्मा... दोरा तं मीच बांधून दिलता मास्तरला. म्हातारी बोलली, ह्याच्याबिगर त्याला दिसायचा नाय. म्हून आमी डोळ्यांवं तसाच ठेवला... चितेवं."

कमळाकर कपाटाकडे धावला. एकशे तेहेतिसात पट्टी नव्हती. तिची जागाही नव्हती, पुस्तकं एकमेकांना चिकटून उभी होती. त्याने फळीवरची सगळी पुस्तकं खाली ओढली, मागे हात घालून चाचपलं. मग चप्पल न घालताच तो धावत सुटला. एवढासा हात उचलायचा होता, तेही आपल्याच्याने झालं नाही, असं स्वतःला कोसत तो चाळीपर्यंत आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोकल्याचा आवाज नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा.

अंथरुणावर गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली. त्याने ती बाजूला केली. उशीच्या खळग्यात लाकडी पट्टी निजवलेली होती, आणि चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात अंजनीचं नाव होतं.

स्वयंपाकघरात कोणीतरी भाकरी थापत होतं. बांगड्यांची किणकिण ओळखीची होती. चुलीच्या धुरात मात्र ओल्या राखेचा वास मिसळला होता.

"अंजनी...?"

थापणं थांबलं.

"येईल हो ती," आतून अंजनीच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं. "तोवर तुम्ही चार घास खाऊन घ्या. किती दमलात..."